चोवीस हिरवे दिवे

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी ९.१०

ऑफिसचं कुलूप काढलं तर सोल्डरिंग आयर्नला झेंडूचा हार. ऑसिलोस्कोपला हळद-कुंकू. माझ्या लॅपटॉपवर नारळ! सगळ्याच्या मधोमध आबांची जुनी पक्कड, तिला तर दुहेरी हार. हे काम आमच्या तीर्थरूपांचं. नाथाजी, सुभेदार, निवृत्त, सिग्नल कोअर. अठ्ठावीस वर्षं लष्करात टेलिफोनच्या वायरी ओढल्या, आता माझ्या कंपनीत ओढतात.

आबा म्हणाले, आज हत्यारं पुजायची, हात लावायचा न्हाई. मी म्हणालो, आबा, जग तीन नॅनोमीटरच्या चिपवर गेलं आणि आपण अजून झेंडूत. आबा म्हणाले, जाऊ दे की जग, तू परसाद घे.

अख्खा दिवस वाया. शेड्यूल घसरलं. याला जबाबदार मी नाही. इथे लिहून ठेवतो. ही वही तेवढ्यासाठीच आहे. पुढे आत्मचरित्र लिहायची वेळ येईल (येणारच), तेव्हा कोण आडवं आलं याचा पुरावा हाताशी असावा.

२ ऑक्टोबर, दसरा

संकल्प. आजपासून चिडायचं नाही. दुपारी मोडला, पण त्यात चूक पेट्रोलपंपवाल्याची होती.

क्रांतीने सोनं दिलं आणि तारीख दिली. म्हणाली, तीन वर्षं झाली. ३० नोव्हेंबरपर्यंत एक पक्की ऑर्डर दाखवा. नाही मिळाली तर ड्रॉवरमधलं बेंगळुरूचं पत्र काढायचं, नोकरीला हो म्हणायचं, उंब्रजचं ऑफिस रिकामं करायचं. बायको ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे घरात सगळं प्रॅक्टिकलच्या वहीसारखं चालतं. तारीख, निरीक्षण, निष्कर्ष.

मी म्हणालो, ३० नोव्हेंबर कशाला? दिवाळीच्या आत देतो.

अखंड नेटवर्क्स, उंब्रज. हायवेला लागून, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर. प्रॉडक्ट एकच, अखंड-२४. चोवीस पोर्टचा नेटवर्क स्विच. मागे क्रांतीच्या बहिणीला समजावताना एक वाक्य झकास जमलं होतं, ते टिपून ठेवतो: पोस्टात एक माणूस पत्ते वाचून पत्रं खणाखणात टाकतो ना, तोच माणूस डब्यात बसवलाय. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी या डब्यात येतात, आणि कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते डबा ठरवतो. आजवर हा डबा आपण बाहेरून आणत आलो. लाज वाटायला पाहिजे.

६ ऑक्टोबर

ट्रायल मिळाली!! कडेगावजवळचा एक साखर कारखाना. नाव लिहीत नाही, गोपनीयतेचा करार आहे. गळीत हंगाम सुरू होतो त्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, आमचा डबा बसणार. कारखान्याचे कॉम्प्युटरप्रमुख लालासाहेब सज्जन गृहस्थ आहेत, फक्त हळू. म्हणाले, साहेब, बाकी काय बी बंद पडू दे, उसाचा वजनकाटा बंद पडता कामा न्हाई. काटा थांबला की ट्रॅक्टर थांबत्यात, ट्रॅक्टर थांबले की माणसं आमच्या अंगावर येत्यात. ट्रायल नीट झाली तर अठ्ठेचाळीस डब्यांची ऑर्डर.

मी म्हणालो, लालासाहेब, नावच अखंड आहे.

७ ऑक्टोबर

स्वप्नाशी वाद. स्वप्ना आमची सीनियर इंजिनिअर. ज्युनिअरही तीच. उंब्रजचीच मुलगी, कराडच्या कॉलेजात पहिली आली होती, हुशार आहे, पण दृष्टी नाही.

मुद्दा असा. तिने डब्यात लूप प्रोटेक्शन म्हणून काहीतरी घातलंय. म्हणजे एका वायरची दोन्ही टोकं कुणी चुकून याच डब्यात खोचली, तर निरोप एका टोकाने बाहेर जातो, दुसऱ्या टोकाने परत आत येतो, परत बाहेर, परत आत, दर फेरीला त्याच्या प्रती वाढतात, आणि मिनिटाच्या आत सगळं नेटवर्क गुदमरतं. प्रोटेक्शन असेल तर डबा आधी तपासतो आणि तसली वायर बंद ठेवतो.

ठीक. पण तपासायला तीस सेकंद लागतात आणि तोपर्यंत दिवा पिवळा! तीस सेकंद पिवळा! ग्राहकाने वायर खोचली की दिवा तत्काळ हिरवा झाला पाहिजे. मी सांगितलं, काढून टाक. ती म्हणाली, सर, फील्डवर कुणी ना कुणी करतंच असं. मी म्हणालो, दोन्ही टोकं एकाच डब्यात? इतका गाढव माणूस सातारा-सांगली जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

काढलं. तोंड पाडून बसली. तरुण पिढीला टीका सहन होत नाही.

९ ऑक्टोबर

कुरियरवाल्याने चिपचा खोका जुन्नर तालुक्यातल्या उंब्रजला नेला. पिनकोड लिहिलाय, जिल्हा लिहिलाय, तरी जुन्नर! फोनवर इतका ओरडलो की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला आलं. आबा म्हणाले, मी जातो येष्टीनं. गेले. रात्री उशिरा खोका मांडीवर घेऊन आले. सोबत जुन्नरची द्राक्षं नव्हती म्हणून हळहळत होते.

१४ ऑक्टोबर, सांगली

इंजिनिअरिंग कॉलेजात व्याख्यान. विषय : सेमीकंडक्टर, स्वावलंबन आणि मी. दीडशे खुर्च्या, एकतीस मुलं, त्यातली सहा जेवणाचा डबा खायला आलेली.

बेंगळुरूची एकोणीस वर्षं सांगितली. जगातल्या मोठमोठ्या स्विचमध्ये बसणारी चिप, तिच्या आर्किटेक्चरमध्ये माझा हात. तेवढ्यात अंकिता नावाच्या मुलीने हात वर केला. सर, तुम्ही नेमका कुठला भाग केला? मी म्हणालो, पोर्ट इंडिकेशन. ती म्हणाली, म्हणजे दिवे? मी म्हणालो, म्हणजे दिवे. मग निरोप कुठे पाठवायचा ते कुणी केलं, सर? मी म्हणालो, टीमने.

हशा. हसण्यासारखं काय आहे यात? माणूस स्विचकडे बघतो तेव्हा त्याला काय दिसतं? दिवा! आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला दिसत नाही. एकोणीस वर्षं मी तो दिवा लावला, विझवला, लुकलुकवला. दुसऱ्या कुणी करून दाखवावं.

येताना तासगाव फाट्यावर चहा घेतला. गार होता. चहावाल्याशी भांडलो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दिवाळीच्या आत ऑर्डर नाही. पण मी ‘दिवाळीच्या आत’ म्हणालो होतो, कुठल्या दिवाळीच्या ते म्हणालो नव्हतो.

आज मात्र सोनेरी क्षण. अखंड-२४ चा पहिला तयार डबा पाटावर ठेवला, लक्ष्मीशेजारी. लाइट चालू केली. दिवा एकही लागेना, कारण वायरीच नाहीत. सणाच्या दिवशी चोवीस डोळे मिटलेले. बरं दिसतं का ते? मग मला सुचलं. बारा छोट्या वायरी घेतल्या, एक टोक पहिल्या पोर्टात, दुसरं दुसऱ्यात. एक तिसऱ्यात, दुसरं चौथ्यात. फटाफट चोवीसच्या चोवीस हिरवे! क्रांती हातातलं तबक घेऊन थांबलीच. म्हणाली, छान दिसतंय हो. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

आबा चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, दोनी टोकं एकाच डब्यात? मी म्हणालो, आबा, याला कॉम्प्युटर कुठे जोडलाय? निरोपच नाही तर गुदमरणार काय? घरातल्या घरात आहे. आबा म्हणाले, आमच्यात असं क्येलं असतं तर हवालदारानं मैदानभर पळवलं असतं.

लष्करात माणसाची कल्पनाशक्ती मारली जाते.

२७ ऑक्टोबर

स्वप्नाला पुण्याच्या कंपनीची ऑफर आलीय. १ डिसेंबरला हजर व्हायचं. मला सांगितलं नाही, क्रांतीला सांगितलं. काळजीचं कारण नाही. ती माझ्या व्हिजनशी बांधलेली आहे. ट्रायल झाली की आपोआप विसरेल.

३ नोव्हेंबर. रात्रीचं जेवण झाल्यावर लिहितोय, पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. रागाने.

क्रमाने लिहितो.

सकाळी सातला डबा रॅकच्या कपाटात बसवला. काटे, टोकन ऑफिस, लॅब, शेती विभाग मिळून चौदा वायरी. सगळं लोण्यासारखं चालू. स्वप्ना म्हणाली, मी काट्यावर जाऊन थांबते, तिथून बघते. गेली. गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम दहाला झाला. चेअरमन भाऊसो, संचालक, सभासद. आबाही होते, ते सभासद आहेत. मग मंडळी आमच्या डब्याची पूजा करायला कॉम्प्युटर रूमकडे निघाली.

मी दोन मिनिटं आधी आत गेलो. बघतो तर चौदा दिवे हिरवे आणि दहा भोकं काळी. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा डबा. भाऊसो काय म्हणतील? अर्धाच चालतोय? खिशात पाच पिवळ्या छोट्या वायरी होत्या, लक्ष्मीपूजनाच्या. दहा पोर्टांत दहा टोकं खोचली. आबा माझ्या आधीच येऊन रॅकपाशी उभे होते. म्हणाले, दोनी टोकं एकाच डब्यात व्हय रं धैर्या? आता तर मशिनी जोडल्यात की. मी म्हणालो, आबा, तुम्ही तिकडं खुर्चीवर बसा. बसले.

भाऊसोंनी नारळ फोडला. चोवीस हिरवे. आणि काय सांगू, अर्ध्या मिनिटात सगळे दिवे एकदम इतक्या वेगाने लुकलुकायला लागले की मी एकोणीस वर्षांत तसं बघितलं नव्हतं! मी म्हणालो, बघा, फुल ट्रॅफिक. टाळ्या. व्हिडिओ काढला.

१०.५५. काट्यावरून फोन. कॉम्प्युटर गोठला, वजनाची पावती निघंना. मग दुसरा काटा. मग टोकन ऑफिस, मग लॅब. सगळं मेलं. ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर, गेटमधून रस्त्यावर, रस्त्यावरून पार ओढ्याच्या पुलापर्यंत. माणसं उतरून आत आली. एक जण म्हणाला, सायेब, तुमचं हिरवं पिवळं राहू द्या, माझा ऊस वाळाय लागलाय. दुसऱ्याने जे म्हटलं ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

मी शांत राहिलो. इलेक्ट्रिशियनला झापलं. अर्थिंग बघ म्हणालो. जनरेटरवाल्याला झापलं. लालासाहेबांना म्हणालो, तुमचे कॉम्प्युटर जुने आहेत, आमच्या स्पीडला टिकत नाहीत. मग काट्यावर गेलो, तिथल्या ऑपरेटरला झापलं. स्वप्ना म्हणत होती, सर, तुम्ही रॅकमध्ये काही बदललंत का? मी म्हणालो, काहीही नाही. ती रूमकडे पळाली.

आणि ११.५२ ला काटा आपोआप सुरू झाला. आपोआप! मी काट्यावर उभा होतो, डोळ्यांनी बघितलं. परत रूमकडे आलो तर आबा त्याच खुर्चीवर बसून चहा पीत होते, स्वप्ना दारात उभी. चौदा दिवे हिरवे, शांत.

जगातला कुठलाही स्विच असा पडून स्वतःहून उठत नाही. अखंड-२४ स्वतःला बरा करतो. सेल्फ-हीलिंग! मी डिझाइन करताना ठरवलं नव्हतं, पण खोल कुठेतरी ते होतंच.

एक गालबोट. पाच पिवळ्या वायरी चोरीला. पूजेच्या गर्दीत कुणीतरी हात मारला. सहकारी चळवळीची ही अवस्था!

४ नोव्हेंबर

लालासाहेबांना दोन ईमेल. पहिला सेल्फ-हीलिंगबद्दल, दुसरा चोरीबद्दल. सीसीटीव्ही मागवला. ते म्हणाले, साहेब, त्या टायमाला कॅमेरे बी बंद पडलेते. बघा, चोराने वेळ कशी साधली.

पाचशे ब्रोशर छापायला टाकली. एका बाजूने चार रंगात : ‘अखंड-२४. पडतो. उठतो. स्वतःहून.’ पेटंटच्या वकिलाचा नंबर शोधला.

८ नोव्हेंबर

स्वप्ना म्हणाली, सर, त्या पाच वायरींबद्दल बोलायचंय. मी म्हणालो, तक्रार केलीय. ती म्हणाली, चोरीबद्दल नाही. मी म्हणालो, मग तर वेळ घालवूच नकोस. ती आबांकडे बघायला लागली. आबा पकडीला तेल देत होते.

हल्ली ही दोघं मी आलो की गप्प होतात. ऑफिसचं वातावरण सुधारायला हवं. सोमवारपासून सकाळी पाच मिनिटं सकारात्मक विचार, सक्तीने.

१२ नोव्हेंबर

लालासाहेब खूश नाहीत, पण रस आहे. संचालक म्हणाले, पडलेला काटा आपोआप उठला हे खरं असंल तर डबा कामाचा हाय. २० तारखेला समोर परत पाडून दाखवा, आन् परत उठवून दाखवा. तसं झालं तर अठ्ठेचाळीसची ऑर्डर, न्हाई तर राम राम.

क्रांतीला सांगितलं. ती म्हणाली, पडला कशाने ते सापडलं का? मी म्हणालो, उठला ते महत्त्वाचं. ती वह्या तपासत होती, लाल पेन थांबलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

संताप, संताप, संताप. तीन दिवस डबा पाडतोय, पडत नाही.

लाइट घालवून बघितली. गरम केला, थंड केला. वायर ओढली, सोडली. शेजारी वेल्डिंग लावलं. वेल्डिंगवाल्याशी भांडण झालं ते वेगळं. मुद्दाम जुने कॉम्प्युटर जोडले. चालतोय! ठणठणीत! शेवटी एक रट्टा दिला. चालतोय! इतकं भक्कम कुणी बनवायला सांगितलं होतं?

स्वप्ना म्हणाली, सर, मी एका मिनिटात पाडून दाखवू? एकच वायर लागेल. मी म्हणालो, सकारात्मक विचार. ती म्हणाली, बरं.

१७ नोव्हेंबर

स्वप्नाने नव्या सॉफ्टवेअरच्या कागदावर सही मागितली. दोन पानं, बारीक अक्षर. मी फोनवर होतो, ब्रोशरवाल्याने ‘उठतो’मधला ठ पुसट छापलाय. सही केली. ती म्हणाली, सर, वाचा एकदा. मी म्हणालो, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. नेता असाच असावा.

१९ नोव्हेंबर

युक्ती सापडली. शास्त्र म्हणजे शास्त्र! ३ तारखेला जे जे जसं होतं, ते ते तसंच करायचं. तोच शर्ट. नारळ. हार. चौदा वायरी. आणि पाच पिवळ्या, नव्या आणल्या. काहीही सोडायचं नाही. यातल्याच कशाने तरी पडला, त्यानेच पडेल. मग मी काट्यावर जाईन, आणि तो उठेल.

मला वाटतं नारळाच्या दणक्याने पडला असणार.

आबा उद्या येत नाहीत. म्हणाले, माझं काय काम न्हाई आता. वय झालं.

२० नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, पुरावा म्हणून.

अकरा संचालक, भाऊसो, लालासाहेब, चार सभासद. नारळ फोडला. काही नाही. हार घातला. काही नाही. मी म्हणालो, थांबा, अजून एक पायरी आहे. पिवळ्या वायरी काढल्या. पहिली खोचली, दोन्ही टोकं. एक दिवा हिरवा. दुसरा पिवळा.

पिवळा!

दुसरी खोचली. एक हिरवा, एक पिवळा. तिसरी, चौथी, तसंच. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर स्वप्नाला म्हणालो, हे काय आहे? पिवळा दिवा काढ म्हणून तुला सांगितलं नव्हतं? माझ्या डब्याला पिवळा? कंपनी कुणाची आहे? आवाज बाहेर गेला असावा, कारण ट्रॅक्टरवाले खिडकीशी आले.

काटा चालू होता. पावत्या निघत होत्या. त्याकडे कुणाचं लक्षच नाही.

लालासाहेबांनी शांतपणे विचारलं, ताई, पिवळ्याचा अर्थ काय? स्वप्ना म्हणाली, एका वायरची दोन्ही टोकं याच डब्यात आलीत. डब्याने ओळखलं आणि ती वायर बंद ठेवली. म्हणून बाकीचं नेटवर्क चालू आहे. भाऊसो म्हणाले, आन् बंद ठिवली नसती तर? ती म्हणाली, तर सगळं बंद पडलं असतं. भाऊसो म्हणाले, म्हंजी त्या दिवशीसारखं? तिने मान हलवली. भाऊसो म्हणाले, त्या दिवशी ह्यो पिवळा का न्हाई लागला? ती म्हणाली, त्या दिवशी ही सोय बंद होती. कुणी बंद क्येलती? ती फरशीकडे बघत राहिली.

मी म्हणालो, तो कंपनीचा सामूहिक निर्णय होता.

सगळे आधी चार पिवळ्या वायरींकडे बघत होते, मग माझ्याकडे. पाचवी माझ्या हातात होती. एक टोक डब्यात, दुसरं टोक बोटांत.

खिडकीतून एक जण म्हणाला, आरं, म्हंजी ह्येनंच क्येलतं व्हय. लय मोठा इंजिनेर.

२१ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. मुद्दे माझ्याच बाजूचे निघतात. लक्ष्मीपूजनाला पडला नव्हता, म्हणजे पद्धत चुकीची म्हणता येत नाही. ३ तारखेला पडला, म्हणजे परिस्थिती चुकीची. शिवाय पडला तरी उठला, हे राहतंच. वायरी कुणी काढल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्या चोराने नेल्या, पण ते उठल्यानंतर. की आधी?

जेवलो नाही. क्रांतीने विचारलं नाही. आबांनी भाकरी कुस्करून ठेवली होती, ती खाल्ली.

२५ नोव्हेंबर

लालासाहेबांचं पत्र. अठ्ठेचाळीस डबे. ऑर्डर पक्की!!!

खाली अटी. एक, लूप प्रोटेक्शन कायम चालू. दोन, रॅकची किल्ली फक्त स्वप्ना मॅडमकडे. तीन, ‘पूजेप्रसंगी व इतर वेळी कंपनीच्या मालकांनी कृपया अतिथीगृहात थांबावे, चहापानाची व्यवस्था केली जाईल.’

स्वप्ना म्हणाली, सर, पुण्याला नाही म्हणते. पण यापुढे डब्यात काय राहायचं आणि काय काढायचं ते मी ठरवणार. लिहून द्या. मी तिला बढती दिली. प्रमुख अभियंता. हे माझ्या मनात आधीपासून होतंच. मी विचारलं, मग माझ्याकडे काय? ती म्हणाली, दिवे बघाल का, सर? तुमच्यासारखे दिवे कुणालाच जमत नाहीत. टोमणा नव्हता. तोंड बघितलं मी तिचं.

पिवळ्याची छटा जरा भडक आहे. हळदीच्या जवळ आणता येईल.

३० नोव्हेंबर, रविवार

आज क्रांतीची तारीख. ऑर्डरचं पत्र तिच्यासमोर ठेवलं. तिने दोनदा वाचलं, तिसरी अट तीनदा. बेंगळुरूचं पत्र ड्रॉवरमधून काढून फाडलं. चहा टाकला. मग विचारलं, ती पाचशे ब्रोशर मागून कोरी आहेत ना? पोरांना आकृत्या काढायला नेते. मी म्हणालो, ने.

थंडी पडलीय. आबा बाहेर ओट्यावर बसले होते, म्हणून त्यांचा स्वेटर काढायला काळी ट्रंक उघडली. वरच होत्या. पाच पिवळ्या वायरी. प्रत्येक आठाच्या आकड्यात गुंडाळलेली, मधे दोऱ्याची गाठ, सिग्नलवाले बांधतात तशी. गाठीला पुठ्ठ्याचा तुकडा, आबांचं अक्षर : ‘पिवळी वायर, ५ नग. डब्यातून काढली, ३/११, ११५२ वाजता. चालू हालत.’

११५२.

चिडायला माणूस शोधत होतो. सापडेना.

स्वेटर घेऊन बाहेर गेलो. म्हणालो, आबा, तुम्ही काढल्या? आबा म्हणाले, व्हय. तुज्या त्या स्वप्नालाबी कळलं लगीच, ती पळत आली तवा चारच निघाल्या व्हत्या. मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाही? महिनाभर मी चोर चोर करतोय.

आबांनी स्वेटरमध्ये डोकं घातलं, आतूनच म्हणाले, सांगितलं व्हतं की रं. तू म्हणलास, तिकडं खुर्चीवर बसा.

आत येऊन ही वही मागे उलटली. ३ नोव्हेंबर. लिहिलंय. माझ्याच अक्षरात, त्यांचं वाक्य आणि माझं वाक्य, आणि पुढे एक शब्द : बसले.